कारण न सांगता सोशल मीडियावरचे खाते बंद झाले, तर काय करावे?

खाते बंद झाल्यानंतर हातून ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याचशा पहिल्या तासाभरातच होऊन गेलेल्या असतात. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहिला जातो, अ‍ॅप काढून परत घेतले जाते, त्याच नावाने दुसरे खाते उघडले जाते आणि संतापाच्या भरात लिहिलेला अर्ज लगेच पाठवून दिला जातो. माझे बारा वर्षांचे खाते एका सकाळी असेच बंद झाले, तेव्हा या चारही गोष्टी मी केल्या होत्या. पडद्यावर एकच वाक्य होते, की आमच्या नियमांचे उल्लंघन झाल्यामुळे हे खाते निलंबित केले आहे. कोणता नियम, कोणती पोस्ट, कोणत्या दिवशीची, याचा पत्ता नव्हता. पहिला अर्ज काही मिनिटांतच फेटाळला गेला. शांत डोक्याने लिहिलेला दुसरा अर्ज मान्य झाला, पण त्यात सात आठवडे गेले, आणि कारण कंपनीने शेवटपर्यंत सांगितले नाही.

त्यानंतर ओळखीच्या अनेकांचे अर्ज मी लिहून दिले आहेत. कंपनी कारण सांगत नसली तरी हाताशी असलेल्या खुणांवरून ते पुष्कळदा ओळखता येते, आणि ते ओळखण्याआधी पाठवलेला अर्ज बहुधा वाया जातो, असे माझे मत त्यातून झाले आहे. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

नेमके काय झाले आहे, ते आधी ठरवा

‘खाते गेले’ या दोन शब्दांखाली निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात: सेवाच ठप्प झालेली असणे, लॉगिन अडकणे, खाते चोरीला जाणे, कंपनीने ते निलंबित करणे, आणि दीर्घकाळ न वापरल्यामुळे किंवा हटवण्याची विनंती नोंदली गेल्यामुळे ते काढून टाकले जाणे. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. चोरीच्या तक्रारीसाठी असलेल्या पानावर निलंबनाचा अर्ज केला, तर तो योग्य ठिकाणी पोहोचतच नाही.

सर्वांत सोपी शक्यता आधी बाजूला काढावी. ५ मार्च २०२४ रोजी फेसबुक आणि इन्स्टाग्राम काही काळ बंद पडले, तेव्हा लोक आपोआप खात्यांबाहेर फेकले गेले आणि बरोबर असलेला पासवर्डही स्वीकारला जाईना. आपले खाते कोणीतरी पळवले, अशीच अनेकांची समजूत झाली. अशा वेळी घाबरून पासवर्ड बदलत बसणाऱ्याच्या अडचणीत भरच पडते. म्हणून हीच तक्रार इतरही करत आहेत का, हे दुसऱ्या एखाद्या सेवेवर पाहावे आणि करत असतील तर काही तास थांबावे.

सेवा नीट चालू असेल, तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून लॉगिन न करता आपल्या प्रोफाइलचा पत्ता टाकावा. प्रोफाइल जसेच्या तसे दिसत असेल, तर अडचण फक्त लॉगिनची आहे. नाव किंवा छायाचित्र बदललेले असेल, किंवा तुम्ही न लिहिलेल्या पोस्ट दिसत असतील, तर खाते दुसऱ्याच्या ताब्यात आहे. पान सापडतच नसेल, तर ते निलंबित झाले आहे, हटवले गेले आहे किंवा त्याचे वापरकर्तानाव बदलले गेले आहे. काही सेवा लॉगिनशिवाय प्रोफाइल दाखवत नाहीत. तेथे दोन मित्रांना तपासायला सांगावे. दोघांना सांगावे असे म्हणण्याचे कारण हे, की खाते बळकावणारा माणूस कधी कधी जवळच्या मित्रांना आधीच ब्लॉक करून ठेवतो आणि मग त्यांच्यापैकी एकालाच विचारले तर खाते नाहीसे झाल्याचा भास होतो.

खरा पुरावा मात्र ईमेलमध्ये असतो. खात्याशी जोडलेल्या पत्त्यावर, स्पॅम आणि हटवलेल्या पत्रांसह सर्वत्र, त्या सेवेच्या नावाने शोध घ्यावा आणि मागच्या महिनाभरातली पत्रे तारखेनुसार लावून वाचावीत. आधी ‘नव्या उपकरणावरून लॉगिन झाले’, मग ‘पासवर्ड बदलला’, मग ‘ईमेल पत्ता बदलला’ आणि दोन दिवसांनी ‘खाते निलंबित केले’, असा क्रम दिसला, तर गोष्ट उलगडली असे समजावे. आधी चोरी झाली, चोराने त्या खात्यावरून काहीतरी गैर केले, आणि त्याची शिक्षा तुम्हाला झाली. यात अर्जाचा पहिला मुद्दा चोरी हाच असायला हवा. मधली पत्रे गायब असतील, तर ईमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आलेली पत्रे आपोआप हटवणारा किंवा भलत्याच पत्त्यावर धाडणारा नियम कोणी बसवला आहे का, हे पाहावे. हे तपासणे बहुतेकांना सुचत नाही, आणि तो नियम तसाच राहिला तर पुढे कंपनीने पाठवलेले उत्तरही तुमच्यापर्यंत येत नाही.

दप्तर तयार करा

अर्जाला हात घालण्यापूर्वी एक कागद घ्या आणि त्यावर खात्याचे वापरकर्तानाव, प्रोफाइलचा पूर्ण पत्ता, खाते उघडल्याचे साधारण वर्ष, आजवर त्याला जोडलेले सर्व ईमेल पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक, तसेच ते ज्या फोन-संगणकांवर वापरले जात होते त्यांची नावे लिहून काढा. संदेशाचा स्क्रीनशॉट असा घ्या, की त्यात तारीख, वेळ आणि वाक्याचा शब्द न् शब्द दिसेल. ‘लॉक’, ‘निष्क्रिय’, ‘निलंबित’ आणि ‘कायमचे बंद’ हे शब्द कंपन्या वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात. लॉक झालेले खाते ओळख पटवली की उघडते. निलंबित खात्यासाठी अपील करावे लागते.

मुदत तेव्हाच ठळक अक्षरांत लिहून ठेवा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर निलंबनाविरुद्ध अपील करायला १८० दिवस मिळतात, आणि ते उलटले की खाते कायमचे बंद होते. खाते हटवण्याची विनंती चोराने नोंदवली असेल, तर त्याहून जास्त घाई करावी लागते, कारण या दोन्ही सेवांवर अशी विनंती ३० दिवसांच्या आतच रद्द करता येते. गूगल खात्यांच्या बाबतीत दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती हटवण्याचे धोरण आहे, हेही जुने खाते शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

खाते चोरीला गेले असेल तर

सर्वांत आधी ईमेल सुरक्षित करा, कारण सोशल मीडियाचे खाते परत मिळवण्याची वाट ईमेलमधूनच जाते. ईमेलचा पासवर्ड बदला, सर्व उपकरणांवरचे लॉगिन बंद करा आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करा. फोनचे नेटवर्क अचानक गेले असेल आणि काही केल्या परत येत नसेल, तर तुमच्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले असण्याची शक्यता गृहीत धरून दुसऱ्या फोनवरून ताबडतोब दूरसंचार कंपनीशी बोला. खात्याला बँकेचे कार्ड जोडलेले असेल, तर बँकेलाही त्याच दिवशी कळवा. पळवलेल्या खात्यांवरून जाहिराती चालवून मूळ मालकाच्या कार्डातून पैसे उडवले जातात.

यानंतर ‘तुमचा ईमेल पत्ता बदलण्यात आला’ असे सांगणारे पत्र शोधा. ‘हा बदल तुम्ही केला नसेल तर’ या शब्दांनी सुरू होणारा दुवा अशा पत्रात अनेकदा असतो आणि तो वेळेत वापरला, तर बदल तिथल्या तिथे उलटवता येतो. खोटी पत्रेही अगदी अशीच दिसतात, म्हणून पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर तपासल्याशिवाय त्याला हात लावू नये. हा दुवा निकामी झाला असेल, तर सेवेच्या मदत विभागातले हॅक झालेल्या खात्यांसाठीचे पान उघडावे. हे काम नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या इंटरनेट जोडणीवरून करावे, कारण ओळखीचे उपकरण आणि ओळखीचे ठिकाण हीसुद्धा ओळख पटवण्याची साधने असतात. इन्स्टाग्राम अशा वेळी चेहरा डावी-उजवीकडे वळवून दाखवणारा छोटा व्हिडिओ मागते. तो खात्यावरच्या छायाचित्रांशी ताडून पाहिला जातो. त्यामुळे ज्या खात्यावर मालकाचे एकही छायाचित्र नाही, तेथे या वाटेचा उपयोग होत नाही आणि जुना ईमेल किंवा क्रमांक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

कंपनीने न सांगितलेले कारण

निलंबनाचे पुष्कळसे निर्णय पहिल्यांदा यंत्रणा घेते. ती मजकूर वाचते, चित्रे ताडते आणि वागण्यातला विचित्रपणा टिपते. म्हणून स्वतःला ‘मी काय गैर लिहिले’ एवढेच न विचारता ‘मागच्या आठवड्यात माझे खाते यंत्राला कसे दिसले असेल’ असेही विचारावे. थोड्या वेळात शंभर जणांना फॉलो केले होते का? एकच संदेश अनेक गटांत टाकला होता का? व्हीपीएनमुळे, म्हणजे खरे ठिकाण लपवणाऱ्या जोडणीमुळे, सकाळी एका देशातून आणि दुपारी दुसऱ्या देशातून लॉगिन झाल्यासारखे दिसले का? फॉलोअर वाढवून देणाऱ्या किंवा प्रोफाइल कोणी पाहिले ते दाखवणाऱ्या एखाद्या अ‍ॅपला पासवर्ड दिला होता का? व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत मूळ अ‍ॅपऐवजी त्याची बदललेली आवृत्ती वापरणे हे बंदीचे नेहमीचे कारण आहे. जन्मसाल चुकून असे भरले गेले असेल, की वय १३ पेक्षा कमी दिसेल, तरीही खाते बंद होते. दुकानाच्या किंवा संस्थेच्या खात्यावर स्थापनेचे साल जन्मतारीख म्हणून भरले जाते, तेव्हा हाच घोळ होतो.

जोडलेली खाती हे आणखी एक कारण आहे आणि ते चटकन लक्षात येत नाही. एकाच कंपनीच्या दोन सेवांवरची खाती एकमेकांना जोडलेली असली, की एकावरची कारवाई दुसऱ्याला भोवते. चोराने तुमच्या खात्याला स्वतःचे आधीच बंदी आलेले खाते जोडले, तर तुमचे निष्पाप खातेही बंद होऊ शकते. तुम्हाला कधीही ठाऊक नसलेल्या खात्याचे नाव निलंबनाच्या पत्रात आले असेल, तर ते नाव जपून ठेवावे, कारण चोरीचा तो सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

यूट्यूबवर मात्र कारण शोधणे सोपे असते, कारण तेथे ताकिदींची नोंद राहते. ९० दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाच्या नोंदी, झाले की चॅनेल बंद होते आणि प्रत्येक स्ट्राइकचे पत्र ईमेलवर येते. यात शेवटचे नव्हे, तर सर्वांत कच्चे स्ट्राइक शोधून त्यावर बोट ठेवावे.

भाषेमुळे होणाऱ्या गैरसमजाकडे मराठी लिहिणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. ‘अरे मेल्या, होतास कुठे इतके दिवस?’ हे वाक्य आपल्याला लाडाचे वाटते. यंत्राने त्याचे शब्दशः भाषांतर केले, की समोरच्याला मेलेला म्हटले आहे असा अर्थ निघतो. ‘त्याला सोडणार नाही’, ‘जीव घेतला या मुलीने’, ‘आग लाव त्या नोकरीला’ ही रोजच्या बोलण्यातली वाक्ये हिंसेच्या नियमात सापडू शकतात. अशा पोस्टवरून कारवाई झाली असावी असे वाटले, तर तो वाक्प्रचार कोणत्या नात्यात आणि कोणत्या अर्थाने वापरतात, हे अर्जात दोन ओळींत समजावून द्यावे. अर्ज वाचणाऱ्याला मराठी येते, असे धरून चालू नये.

चित्रांच्या बाबतीत एक प्रकार अत्यंत गंभीर आहे. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे ओळखण्यासाठी २००९ साली मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजच्या सहकार्याने फोटोडीएनए हे तंत्र तयार केले. त्यात चित्राचा एक आकडेबद्ध ठसा काढून तो आधीच माहीत असलेल्या चित्रांच्या ठशांशी ताडला जातो. त्याच्या जोडीला, पूर्वी कधीही न पाहिलेल्या चित्रांबद्दल अंदाज बांधणाऱ्या यंत्रणाही आज वापरात आहेत आणि अंदाज चुकू शकतो. डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढलेल्या आपल्या आजारी मुलाच्या छायाचित्रांमुळे अमेरिकेत एका पित्याचे गूगल खाते बंद झाले, पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवल्यानंतरही ते परत मिळाले नाही, हे प्रकरण २०२२ साली उजेडात आले. या नियमाचा उल्लेख संदेशात असेल, तर स्वतः होऊन काहीही लिहिण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि ते चित्र पुराव्यासाठी म्हणूनसुद्धा कोणाला पाठवू नये.

अर्ज

अर्जाची खिडकी बहुधा लहान असते आणि वाचणाऱ्यापाशी वेळ त्याहून कमी असतो. म्हणून पहिल्या दोन वाक्यांतच खाते कोणते, काय झाले आणि काय हवे, हे यायला हवे. ‘मी तुमचा इतक्या वर्षांचा ग्राहक’, ‘न्यायालयात खेचतो’, ‘माझ्या भावना दुखावल्या’ हे सारे खरे असले, तरी त्यातून निर्णय बदलण्याजोगे काही हाती लागत नाही. मी साधारण असा मजकूर लिहून देतो:

‘अमुक वापरकर्तानावाचे माझे खाते १२ तारखेला निलंबित झाले. ते मी २०१३ पासून स्वतः वापरत आहे. ९ तारखेला रात्री २ वाजून १४ मिनिटांनी अनोळखी उपकरणावरून लॉगिन झाल्याचे आणि २ वाजून १९ मिनिटांनी ईमेल पत्ता बदलल्याचे आपले पत्र मला मिळाले. हे दोन्ही बदल मी केलेले नाहीत. त्यानंतरच्या पोस्ट माझ्या नाहीत. माझ्या ईमेलचा पासवर्ड मी बदलला असून द्विस्तरीय पडताळणी सुरू केली आहे. ९ तारखेनंतरच्या हालचाली तपासून निलंबन मागे घ्यावे. ते कायम ठेवायचे असल्यास कोणत्या पोस्टमुळे आणि कोणत्या नियमाखाली, हे कळवावे.’

यात आरोप नाही, विनवणी नाही, आणि प्रत्येक विधान कंपनीला स्वतःच्या नोंदींत पडताळता येते. चूक खरोखरच तुमची असेल, तर ती मान्य करून ती पोस्ट काढण्याची तयारी दाखवावी. खोटे सांगू नये, कारण नोंदी त्यांच्यापाशी असतात.

ओळखपत्र मागितले, तर ते सपाट पृष्ठभागावर ठेवून दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढावे. चारही कोपरे चौकटीत यावेत आणि प्लॅस्टिकच्या आवरणावरची चमक नाव किंवा जन्मतारखेवर पडू नये. खात्यावरचे नाव टोपणनाव असेल किंवा एका लिपीत आणि ओळखपत्रावरचे नाव दुसऱ्या लिपीत असेल, तर अर्जात ते एका ओळीत स्पष्ट करावे.

अर्ज पाठवल्यावर तोच अर्ज पुन्हा पुन्हा पाठवू नये. दरम्यान दुसरे खाते उघडण्याचा मोहही टाळावा, कारण बंदी चुकवण्यासाठी उघडलेले खाते हा अनेक सेवांवर स्वतंत्र नियमभंग मानला जातो. माझा पहिला अर्ज विचारात घेतला गेला नाही, त्यामागे माझे घाईने उघडलेले दुसरे खाते हेच कारण असावे, असे मला आजही वाटते.

कंपनीच्या दाराबाहेर

तुम्ही कोठे राहता, यावर पुढचे मार्ग अवलंबून असतात. युरोपीय संघात १७ फेब्रुवारी २०२४ पासून डिजिटल सेवा कायदा पूर्णपणे लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार खाते निलंबित करताना कारणांचे निवेदन द्यावे लागते, कलम २० नुसार निर्णयाविरुद्ध किमान सहा महिने तक्रार करण्याची सोय ठेवावी लागते आणि ती तक्रार केवळ यंत्रावर सोडता येत नाही. त्यापुढे कलम २१ खाली न्यायालयाबाहेरच्या प्रमाणित तंटा निवारण संस्थेकडे जाता येते. शिवाय तेथील माहिती संरक्षण नियमाच्या कलम १५ खाली आपल्याबद्दलची माहिती मागता येते आणि तिला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. न सांगितलेले कारण बाहेर काढण्याचा हा एक चांगला मार्ग आहे.

भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक सेवेला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क प्रसिद्ध करावा लागतो. अ‍ॅपमधले अपील फेटाळले गेले, म्हणजे या अधिकाऱ्याकडे तक्रार झाली असे होत नाही. ती वेगळी करावी आणि तिचा क्रमांक जपावा. अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. २०२३ साली सुरू झालेल्या या समितीकडे जाण्यासाठी वकील लागत नाही. येथेही तोच मुद्देसूद अर्ज, स्क्रीनशॉट आणि आधीच्या तक्रारीचे क्रमांक जोडावेत.

मदतीला धावून येणारे ठक

खाते गेल्याचे कोठेही लिहिले, की काही मिनिटांत ‘माझेही गेले होते, अमुक तज्ज्ञाने दोन तासांत काढून दिले’ असे सांगणारे भेटतात. ती सर्व मंडळी एकाच टोळीची असतात, असे धरून चालण्यात नुकसान नाही. बाहेरच्या कोणत्याही ‘तज्ज्ञा’पाशी कंपनीच्या यंत्रणेची किल्ली नसते. तो आधी थोडे पैसे मागतो, मग ‘सर्व्हरचे शुल्क’ म्हणून आणखी मागतो, आणि शेवटी ओटीपी मागून ईमेलही घेऊन जातो. कंपनीचा कर्मचारी असल्याचे सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणाराही ठकच असतो. काही कंपन्या त्यांच्या सशुल्क सदस्यांना माणसाशी बोलण्याची सोय देतात, पण ती अधिकृत अ‍ॅपच्या आतच असते.

वाट पाहण्याचे दिवस

निलंबनाच्या पडद्यावर ‘माहिती डाउनलोड करा’ असा पर्याय दिसत असेल, तर अपिलाच्या निकालाची वाट न पाहता तो त्याच दिवशी वापरावा. पुढे तो राहीलच, याची खात्री नसते. बंद खात्याने लॉगिन करत असलेल्या इतर सेवांची यादी करावी आणि जेथे आत जाता येत असेल तेथे ईमेल व स्वतंत्र पासवर्ड लावावा. तुमचे काम त्या खात्यावर चालत असेल, तर लोकांना दुसऱ्या मार्गाने कळवावे आणि त्या खात्यावरून पैसे मागितले गेल्यास देऊ नयेत, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

हे दिवस जड जातात. माझ्या खात्यावर आईने दिलेल्या पाककृती होत्या, तिच्याच शब्दांत टाइप केलेल्या, आणि त्या दुसरीकडे कोठेही नव्हत्या. त्या सात आठवड्यांत मी त्या आठवून वहीत लिहिण्याचा प्रयत्न केला, तेव्हा निम्म्याही जमल्या नाहीत.

खाते परत आल्यावर

परत मिळालेले खाते लगेच वापरायला घेऊ नये. प्रथम चालू लॉगिनांची यादी उघडून अनोळखी उपकरणे काढावीत, ईमेल आणि क्रमांक आपलेच आहेत ना ते पाहावे, जोडलेली खाती व बाहेरची अ‍ॅप तपासावीत आणि चोराच्या पोस्ट व जाहिराती हटवण्यापूर्वी त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मग द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी, शक्यतो एसएमएसऐवजी कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपवर. तिच्याबरोबर बॅकअप कोड मिळतात. गूगल प्रत्येकी आठ अंकी असे दहा देते. ते फोनमध्ये न ठेवता कागदावर उतरवावेत, कारण फोनच हरवला तर फोनमधल्या कोडचा उपयोग नाही. संस्थेचे पान असेल, तर विश्वासातल्या दुसऱ्या व्यक्तीला पूर्ण अधिकार द्यावेत. एकच व्यवस्थापक असलेले पान त्याच्या खात्याबरोबर अडकून पडते.

सर्वांत शेवटी खात्याची संपूर्ण प्रत मागवावी आणि ती दर तीन महिन्यांनी नव्याने काढावी. फाइल नुसती साठवून थांबू नये. ती संगणकावर उघडावी, दोन-चार जुनी छायाचित्रे आणि पाच वर्षांपूर्वीचे एखादे संभाषण त्यात सापडते का ते पाहावे, आणि देवनागरी अक्षरे नीट वाचता येत आहेत ना, याची खात्री करावी.